वाचकांचे प्रश्न : छातीत दुखते, पण कशाने?

गेल्या अंकात छातीत दुखण्याविषयी मी ओझरते लिहिले होते. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे त्याच एका तक्रारीची आहेत, म्हणून या वेळचे सदर मुख्यतः तिच्यासाठी ठेवले आहे. मी साताऱ्यात अनेक वर्षे कुटुंबवैद्य म्हणून काम करते. माझ्याकडे येणारा रुग्ण आजाराचे नाव घेऊन येत नाही. तो "छातीत भरून आल्यासारखं होतंय", "उसण भरलीय" किंवा "गॅस वर चढलाय" असे सांगत येतो, आणि त्या शब्दांतून आजार हुडकून काढणे हेच आमचे काम असते. मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात छातीत दुखते म्हणून येणाऱ्यांत हृदयविकाराचे रुग्ण पुष्कळ असतात. गल्लीतल्या दवाखान्यात मात्र बहुतेकांचे दुखणे स्नायूंचे, बरगड्यांच्या सांध्यांचे किंवा पित्ताचे निघते. रोज पित्ताचे दहा रुग्ण पाहिल्यावर अकरावा रुग्णही पित्ताचाच वाटू लागतो, आणि प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरला सर्वांत मोठा धोका तिथेच असतो. पत्रे थोडक्यात आणि नावे गाळून देत आहे.

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. रोज सकाळी ते अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने फिरायला जातात. गेल्या दीड महिन्यापासून चढ लागला की त्यांच्या छातीत मधोमध गच्च आवळल्यासारखे होते. कठड्यावर दोन-तीन मिनिटे बसले आणि दोन ढेकर आले की त्यांना बरे वाटते. सपाट रस्त्यावर काहीच त्रास होत नाही. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. घरात सगळ्यांचे मत गॅस असे पडले आणि ते ओवा व खाण्याचा सोडा घेत आहेत. ईसीजी नॉर्मल असताना आणखी तपासण्या कराव्यात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कराव्यात, आणि त्या याच आठवड्यात कराव्यात. वडिलांना डॉक्टर पाहीपर्यंत त्यांनी चढाच्या वाटेला अजिबात जाऊ नये.

आपण पत्रात जे लिहिले आहे, ते मी दोनदा वाचले, कारण निदानासाठी लागणारी तिन्ही लक्षणे आपण न विचारता सांगितली आहेत. छातीच्या मधोमध, किंवा गळा, जबडा, खांदा, हात यांपैकी कुठेतरी आवळल्यासारखे, दाबल्यासारखे वाटणे हे पहिले. ते श्रमाने येणे हे दुसरे. आणि थांबल्यावर पाचेक मिनिटांत ओसरणे हे तिसरे. ही तिन्ही एकत्र आली की डॉक्टर त्याला अँजायना म्हणतात, म्हणजे हृदयाच्या स्नायूला श्रमाच्या वेळी रक्त कमी पडल्यामुळे येणारी कळ. विल्यम हेबरडेन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनमध्ये या दुखण्याचे वर्णन प्रथम वाचून दाखवले आणि १७७२ साली ते छापले गेले. हे दुखणे चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर चालताना येते आणि माणूस उभा राहिला की लगेच नाहीसे होते, असे त्याने लिहून ठेवले होते. त्या काळी ईसीजीचे यंत्र तर नव्हतेच, छातीला लावायची नळीसुद्धा नव्हती. ती १८१६ साली आली. निव्वळ रुग्णांचे ऐकून केलेले ते वर्णन आपल्या वडिलांना आज तंतोतंत लागू पडते.

आता ईसीजीविषयी. वडील टेबलावर शांत पडलेले असताना हृदयाची विद्युत हालचाल त्या काही सेकंदांत कशी होती, एवढेच तो कागद सांगतो. पाटाचे तोंड गाळाने अरुंद झाले तरी थंडीच्या दिवसांत पिकाला पाणी पुरते. चैत्रात तहान वाढली की मग पीक माना टाकते. हृदयाच्या रक्तवाहिनीचे तसेच आहे. विश्रांतीत रक्त पुरते, म्हणून ईसीजी चांगला येतो. चढावर मागणी वाढते आणि कळ येते. अँजायना असलेल्या कितीतरी रुग्णांचा विश्रांतीतला ईसीजी पूर्णपणे नॉर्मल असतो. तेव्हा त्या कागदाने वडिलांना हृदयविकार नाही असे सिद्ध झालेले नाही.

ढेकराचे कोडेही सुटण्यासारखे आहे. हृदय आणि अन्ननलिका यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच पातळीवर पोहोचतात, त्यामुळे दुखणे नेमके कुठले आहे, हे स्वतः रुग्णालाही ओळखता येत नाही. अस्वस्थ झालेला माणूस नकळत हवा गिळतो आणि ती ढेकर होऊन बाहेर पडते. वडिलांना बरे वाटते ते कठड्यावर बसल्यामुळे. ढेकर त्याच दोन मिनिटांत येतो आणि श्रेय त्याला मिळते. पित्ताची जळजळ अशी चढ पाहून येत नाही. ती जेवणानंतर, आडवे झाल्यावर, पुढे वाकल्यावर वाढते आणि तोंडात आंबट पाणी आणते.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते, त्याला कारण आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत, ऊसतोडणीच्या हंगामात, पन्नाशीचे एक गाडीवान माझ्याकडे आले होते. "काळजात जळतंय," एवढेच ते म्हणाले आणि हाताचा तळवा छातीच्या मधल्या हाडावरून खालीवर फिरवून त्यांनी मला जागा दाखवली. मी कुठे जळते ते विचारले, कधीपासून ते विचारले, पोट दाबून पाहिले आणि पित्ताचे पातळ औषध देऊन पाठवले. कशाने जळते, हे मी विचारले नाही. विचारले असते, तर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना जळते आणि मोळी टाकून बसले की थांबते, हे मला तेव्हाच कळले असते. ते मला कळले दुसऱ्या रात्री, त्यांच्या मुलाकडून, जेव्हा त्यांना घामाने निथळत्या अंगाने जीपमधून आणले गेले. ते वाचले, पण हृदयाची ताकद कायमची घटली आणि पुढच्या हंगामात बैल दुसऱ्याच्या हाती गेले. तेव्हापासून छातीच्या प्रत्येक रुग्णाला मी पहिला प्रश्न विचारते तो हाच : कशाने येते आणि कशाने जाते?

वडिलांचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. रक्त फार कमी असेल, तर तेवढ्यानेही अँजायना उघडा पडतो. त्यानंतर हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा आणि पट्ट्यावर चालवून घेतला जाणारा ईसीजी, सीटी स्कॅनने काढलेली अँजिओग्राफी किंवा थेट नेहमीची अँजिओग्राफी यांपैकी काय योग्य ते त्यांना ठरवू द्यावे. मधल्या काळात एक गोष्ट लक्षात ठेवा. ही कळ बसल्याजागी येऊ लागली, थोड्याशा श्रमाने येऊ लागली, पूर्वीपेक्षा वरचेवर येऊ लागली किंवा पंधरा मिनिटांत थांबली नाही, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझे वय २९ आहे. डाव्या बाजूला, स्तनाच्या वरच्या भागात टोचल्यासारखे दुखते. कधी सेकंदभर टोचते, तर कधी दिवसभर ठणकत राहते. मागच्या वर्षी माझे चुलतभाऊ वयाच्या ४४व्या वर्षी हृदयविकाराने अचानक गेले आणि त्यानंतर हे सुरू झाले. आतापर्यंत तीन ईसीजी आणि एक इको झाला, सगळे नॉर्मल आहे. रात्री धडधडते, बोटांना मुंग्या येतात. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. आपण वरच्यासारखेच सांगाल की नॉर्मल ईसीजीवर विश्वास ठेवू नका, म्हणून भीतभीतच लिहीत आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर : आपल्याला मी तसे सांगणार नाही. तपासणीचा निकाल कुणाच्या संदर्भात वाचायचा, हे आधीच्या हकिकतीवरून ठरते. निवृत्त शिक्षकांच्या हकिकतीत हृदयविकाराची दाट शक्यता होती, म्हणून एका नॉर्मल कागदाने ती मिटली नाही. आपल्या हकिकतीत ती शक्यता मुळातच फार कमी आहे, आणि नॉर्मल निकालाने ती आणखी कमी झाली.

आपण माझ्यासमोर असता, तर मी प्रथम म्हटले असते, "कुठे दुखते, हाताने दाखवा." हृदयाची कळ असलेला माणूस बहुधा मूठ किंवा उघडा तळवा छातीवर ठेवतो, त्याला एक जागा दाखवताच येत नाही. आपण एक बोट टेकवून जागा दाखवाल, असे आपल्या पत्रावरून वाटते. मग मी त्या जागी, जिथे बरगडी छातीच्या मधल्या हाडाला कूर्चेने जोडलेली असते तिथे, अंगठ्याने हळूहळू दाबून "रोज दुखते ते हेच का?" असे विचारले असते. यातला 'हेच का' हा शब्द महत्त्वाचा आहे. जोरात दाबले की कुणालाही दुखते. रोजचे ओळखीचे दुखणे दाबल्यावर जसेच्या तसे उमटले, तरच त्याला अर्थ असतो. हात डोक्यावर नेऊन किंवा अंग पिळून दुखते का, तेही मी पाहिले असते. दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या या सांध्यांना सूज येऊन होणारे दुखणे तरुण स्त्रियांमध्ये अगदी नेहमीचे आहे. लहान मूल कडेवर घेणे, पाण्याच्या कळशा उचलणे, दिवसभर संगणकापुढे वाकून बसणे किंवा महिनाभराचा खोकला, असे कारण पुष्कळदा सापडते. कधी काहीच सापडत नाही. शेक आणि गरजेपुरते पॅरासिटामॉल यांवर ते बरे होते, मात्र काही आठवडे घेते.

जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठाच्या डॉक्टरांनी छातीत दुखणाऱ्या, दवाखान्यात आलेल्या रुग्णांचा अभ्यास करून २०१० साली पाच प्रश्नांचा एक साधा हिशेब मांडला. पुरुषाचे वय ५५ किंवा स्त्रीचे वय ६५ पूर्ण झाले आहे का? हृदयाच्या, मेंदूच्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून आहे का? दुखणे श्रमाने वाढते का? दाबल्यावर दुखणे उमटत नाही, असे आहे का? आणि हे हृदयाचेच दुखणे आहे, असे स्वतः रुग्णाला वाटते का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. दोन किंवा त्याहून कमी गुण असतील, तर हृदयविकाराची शक्यता कमी धरतात. रुग्णाच्या मनातल्या शंकेला त्यांनी एक गुण दिला, हे मला फार मोलाचे वाटते, कारण पुष्कळदा ती शंका खरी असते. आपल्याला मी तेवढा एकच गुण देऊ शकते. वरच्या पत्रातल्या वडिलांना, त्यांची स्वतःची समजूत गॅसची असूनही, वय आणि श्रम यांचे दोन गुण आताच मिळतात आणि दाबून दुखले नाही, तर तीन होतात.

हा हिशेब डॉक्टरच्या विचाराला मदत म्हणून आहे. त्याच्यावर विसंबून घरच्या घरी निकाल लावू नये. दाबल्यावर दुखणाऱ्या काही थोड्या रुग्णांतही हृदयविकार सापडतो, म्हणून वय झालेल्या, मधुमेही किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाला केवळ दाबून दुखते म्हणून मी घरी पाठवत नाही.

राहिली रात्रीची धडधड आणि मुंग्या. भीतीने श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटे व ओठ मुंग्यांनी बधिरतात. ही खरी शारीरिक घटना आहे. तिला 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावणे मला मान्य नाही. चुलतभावाचा मृत्यू घरात अजून ताजा आहे आणि आपले शरीर रोज रात्री तीच बातमी पुन्हा ऐकते आहे. चौथा ईसीजी काढण्याऐवजी आपल्या डॉक्टरांकडे अर्धा तास मागून घ्या आणि हे सगळे, भावाच्या आठवणीसकट, त्यांना सांगा. नव्याने आलेल्या ८० रुग्णांचा एक अभ्यास इंग्लंडमध्ये १९७५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यांपैकी ६६ जणांचे अखेरचे निदान नुसती हकिकत ऐकून झालेल्या निदानाशी जुळले. शरीर तपासल्यामुळे ७ जणांचे आणि प्रयोगशाळेच्या तपासण्यांमुळे आणखी ७ जणांचे निदान बदलले. गरज पडली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. भावाचा मृत्यू तरुण वयात झाला असल्याने आपण आणि घरातल्या इतर भावंडांनी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल एकदा तपासून घेणे मात्र शहाणपणाचे आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत आणि त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. एके दिवशी भाकरी थापताना त्यांना अचानक दरदरून घाम फुटला, धाप लागली आणि मळमळू लागले. छातीत दुखत नव्हते. अशक्तपणा समजून एका दवाखान्यात सलाईन लावले. महिन्याभराने दुसऱ्या कारणासाठी ईसीजी काढला, तेव्हा झटका येऊन गेल्याचे कळले. दुखल्याशिवाय झटका कसा येतो?
— एक वाचक, फलटण

उत्तर : मधुमेहाने पायांच्या तळव्यांतली संवेदना जशी बोथट होते, तशीच हृदयाकडून वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचीही होते. म्हणून मधुमेही रुग्णांत, वृद्धांत आणि स्त्रियांत झटका कळ न आणता घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत अस्वस्थता, नाहीतर अचानक गळून जाणे अशा रूपातही येतो. मधुमेही माणसाला एकाएकी घाम फुटला, तर दोन गोष्टी लगोलग पाहाव्यात. एक, बोटातून रक्त काढून साखर. ती ७०च्या खाली असेल, तर घाम त्यामुळे असू शकतो आणि साखरपाणी देऊन तो थांबतो. साखर ठीक असेल किंवा ती वर आणूनही घाम व धाप राहिली, तर ईसीजी.

सलाईनबद्दल इथेच लिहिते, कारण "ताकदीची बाटली लावा" हा हट्ट माझ्या दवाखान्यातही रोज होतो. मिठाच्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून शंभराच्या आत कॅलरी मिळतात, म्हणजे एका भाकरीपेक्षाही कमी. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या रुग्णाचा जीव हीच बाटली वाचवते. अशक्तपणाचे कारण मात्र ती शोधत नाही, आणि हृदय कमकुवत झालेल्या माणसाच्या फुप्फुसांत त्याच पाण्याचा भार साठून धाप वाढू शकते. सासूबाईंना आता हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेली औषधे बरे वाटले तरी बंद करू नका.

प्रश्न : उजव्या बाजूच्या बरगड्यांत आगीसारखे दुखू लागले. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तपासून स्नायूंचे दुखणे म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी फोड उठले आणि नागीण निघाली. पहिल्याच दिवशी निदान का झाले नाही? नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले, तर माणूस दगावतो हे खरे का? माझे वय ६६ आहे.
— एक निवृत्त वाचक, वाई

उत्तर : पहिल्या दिवशी कातडीवर काहीच नसते, म्हणून ते निदान बहुधा होत नाही. नागिणीत आधी दोन-तीन दिवस दुखते आणि मग फोड येतात. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दबून राहिलेला असतो. वाढत्या वयात प्रतिकारशक्ती उतरली की तो त्या एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर पडतो. म्हणूनच पुरळ शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठते आणि मध्यरेषेपाशी थांबते. तोंड-शेपूट जुळण्याची भीती निराधार आहे. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल, तर मी रुग्णाला सांगून ठेवते, "रोज आंघोळीला ती जागा पाहा, पुरळ दिसले की त्याच दिवशी या." असे सांगून ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे, कारण विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या, तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो. गेरूचा लेप लावून आणि मंत्र घालून घेण्यात नेमके तेच तीन दिवस जातात. पुरळ डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल, तर नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे.

प्रश्न : अंथरुणात कुशीवर वळले की घर फिरते. अर्ध्या मिनिटात थांबते. मानेचा एक्स-रे काढला, मणके झिजलेले निघाले आणि पट्टा दिला. सहा महिने पट्टा लावूनही चक्कर जात नाही. वय ५२.
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : आपल्या वयाच्या बहुतेकांच्या एक्स-रेत मणके झिजलेले दिसतात, चक्कर येवो अथवा न येवो. आपली चक्कर कशाने येते, ते आपणच लिहिले आहे : कुशीवर वळल्याने. आतल्या कानात शरीराचा तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात; त्यांत कॅल्शियमचे सूक्ष्म कण सुटे होऊन पडले की डोके वळताच काही सेकंद घर फिरते. रुग्णाला झटकन आडवे करून डोळ्यांची थरथर पाहण्याची तपासणी १९५२ सालापासून रूढ आहे. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर नेण्याची एपली यांची पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली. तिला पाच-दहा मिनिटे लागतात आणि पुष्कळांना एक-दोन खेपांत आराम पडतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. चक्करेबरोबर बोलणे जड होणे, एक वस्तू दोन दिसणे, हातपाय लुळे पडणे किंवा उभेच राहता न येणे असे काही झाले, तर मात्र तो मेंदूचा आजार असू शकतो. तेव्हा थेट रुग्णालयात जावे.

प्रश्न : तीन आठवड्यांपासून खोकला आहे, दीर्घ श्वास घेतला की कुशीत चमक मारते. संध्याकाळी कणकण वाटते. खोकल्याच्या दोन बाटल्या संपल्या.
— एक वाचक, दहिवडी

उत्तर : तिसरी बाटली आणू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर क्षयरोगासाठी बेडका तपासायचा, हा नियम आहे. ही तपासणी आणि औषधे दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. श्वासाबरोबर येणारी चमक फुप्फुसाच्या आवरणाला सूज आल्याने किंवा तिथे पाणी झाल्याने असू शकते, म्हणून छातीचा एक्स-रेही काढावा. धाप लागली किंवा बेडक्यातून रक्त आले, तर त्याच दिवशी जावे.

प्रश्न : आमचे गाव पाटण तालुक्यात डोंगरात आहे. मोठे रुग्णालय दीड-दोन तासांवर आहे. रात्री कुणाला झटका आला, असे वाटले तर आम्ही घरी काय करावे? जिभेखाली ठेवायची गोळी सगळ्यांनी जवळ बाळगावी का?
— एक वाचक, पाटण

उत्तर : प्रथम १०८ला फोन करावा आणि "छातीत दुखते, घाम आला आहे" हे शब्द स्पष्ट सांगावेत. रुग्णाला चालवत रस्त्यापर्यंत नेऊ नये, मोटारसायकलवर मधे बसवू नये आणि त्याने स्वतः गाडी तर मुळीच चालवू नये. त्याला पाठीला टेकण देऊन अर्धवट बसते करावे.

ॲस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्यावी. चावल्याने ती लवकर रक्तात उतरते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, १७ हजारांहून अधिक रुग्णांमध्ये, झटक्यानंतर महिनाभर दिलेल्या या स्वस्त गोळीने मृत्यूंचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले होते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, जठरातून रक्तस्राव होत असेल, पाठीत फाडल्यासारखी एकाएकी कळ आली असेल किंवा तोंड वाकडे झाले असेल, तर ती देऊ नये.

जिभेखालची गोळी शेजाऱ्याची आणून देऊ नका. ती डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली आहे त्यानेच, बसून घ्यावी. तिने रक्तदाब झपाट्याने उतरतो. रुग्ण आधीच गार पडला असेल, किंवा त्याने गेल्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिल अथवा टाडालाफिल (लैंगिक दुर्बलतेसाठी घेतली जाणारी औषधे) घेतले असेल, तर ती जिवावर बेतू शकते. घरातली माणसे हे संकोचाने विचारत नाहीत. विचारावे.

वाटेत ग्रामीण रुग्णालय लागत असेल, तर पहिला ईसीजी तिथे काढून घ्यावा. झटक्याचा बदल त्यात दिसला आणि अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होण्यासारखी नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देऊन मग पुढे हलवणे हिताचे असते. हे इंजेक्शन बारा तासांच्या आत द्यायचे असते, पण पहिल्या तीन तासांत दिले तर त्याचा लाभ सर्वाधिक. पहिला ईसीजी चांगला आला आणि कळ चालूच असेल, तर थोड्या वेळाने तो पुन्हा काढायला सांगावे. ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणीही कळ सुरू होताच केली, तर नॉर्मल येऊ शकते. ती काही तासांनी परत करावी लागते.

रुग्ण हाकेला ओ देईनासा झाला आणि श्वास थांबला किंवा नुसते आचके येऊ लागले, तर त्याला जमिनीवर उताणा निजवून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवावेत आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे. थकायला होते, म्हणून दोघांनी दर दोन मिनिटांनी पाळी बदलावी आणि मदत पोहोचेपर्यंत थांबू नये. घरातल्या आणखी एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहावे, कारण अंधारात डोंगरातल्या वस्तीकडे वळणारा रस्ता नव्या चालकाला सापडत नाही.